उडालेलं रानडुक्कर

आमची हौसा एकदा अशी घोरली की कासू स्टेशनात रोह्याची गाडी थांबून राहिली. मोटरमनला वाटलं समोरनं दुसरी गाडी भोंगा देत येतेय. मास्तर झेंडा घेऊन धावला, माणसं रुळावर उतरली, आणि मी जाऊन हौसाला कुशीवर वळवलं तवा कुठं गाडी सुटली. खोटं वाटत असेल तर कासूला जाऊन विचारा. हसतील लोक. पण हसणारे काय त्या गाडीत नव्हते.

हौसा म्हणजे आमची डुकरीण. नाव माझ्या सासूचं. सासू पण अशीच, दुसऱ्याला ढकलून आपलं तोंड आधी ताटात. माझी नात प्रतिक्षा म्हणाली, "आजे, सासूचं नाव डुकरिणीला? बरं दिसतं का?" मी म्हटलं, "तिला विचारून ठेवलंय गो. वरनं काय बोलली नाय ती."

तर मला थापा मारायची सवय हाय, ती गावाला ठाऊक हाय. पण आता सांगते ते खरं हाय. खरं हाय म्हणूनच डोकं फिरतं माझं.

प्रतिक्षा नागोठण्याला कंपनीत होती, ठेकेदाराच्या हाताखाली. ठेका संपला, पोरगी घरी. मग कुठनं तरी योजना आली, डुक्कर पाळा. हिनं ट्रेनिंग केलंन, भात पिकत नाय त्या वरकस जमिनीवर शेड बांधलंन, हौसा आणलीन, पिल्लं झाली, पिल्लांची डुकरं झाली. शेड एवढं साफ ठेवते पोरगी की माझ्या स्वयंपाकघराला लाज वाटावी. तरी गावातली माणसं शेडवरनं जाताना नाकाला पदर, नाकाला रुमाल. ग्रामपंचायतीत वासाची तक्रार. मी एकाला म्हटलं, "तुझ्या म्हशी काय गुलाबाचं शेण टाकतात?"

आणि हीच माणसं रानडुक्कर मिळालं की मिटक्या मारतात. ते डोंगरातलं, ते चालतं. आमचं रोज आंघोळ करणारं, ते चालत नाय.

पाळा सांगणारी योजना हाय, पण विकायचं कुठं ते सांगणारी कुठली योजना नाय. पेणच्या बाजारात जा, कोंबडी हाय, बोकड हाय, सुकट हाय, पोहे-पापड हायत. डुकराला जागा नाय. कायद्यानं कापायची म्हटली तर तशी जागा जवळपास नाय. म्हणून सगळा कारभार मिथुनच्या हातात. मिथुन म्हणजे वसईचा व्यापारी. फोनवर "ताई, ताई" करतो आणि भाव पाडतो. डुक्कर हलकं असलं तर म्हणतो मांस नाय, जड झालं तर म्हणतो चरबी फार. म्हणजे नेमक्या वजनाला उचलायला हवं, आणि उचलायचं कवा ते तो ठरवणार. मका महाग झाला, कोंडा महाग झाला, ते त्याच्या कानावर जात नाय.

फक्त नाताळात तो सरळ वागतो. तवा तिकडं मागणी असते, गाडी घेऊन दारात येतो. प्रतिक्षानं वर्षभर त्याच हिशोबानं डुकरं वाढवलीन. मला म्हणाली, "आजे, नाताळची गाडी भरली तर शेड चालू. नाय भरली तर मी परत ठेकेदाराकडे शिफ्टला जाते. दरवर्षी पदरचं घालून डुकरं नाय पोसवत मला."

मी म्हटलं, "भरेल गो. हौसाची पोरं हायत ती, ढकलाढकली करून चढतील गाडीत."

आता मधे आला सख्या.

सख्याचं शेत आमच्या शेडला लागून. भात कापलं की वाल टाकतो. त्याच्या वालाच्या शेंगा गोड, मान्य हाय मला. रानडुकरांनाही मान्य हाय. रातचे डोंगरातनं उतरतात आणि नांगरल्यासारखं शेत उलटं करून जातात. सख्या बिचारा जंगल खात्याच्या दारात भरपाई मागायला गेला. त्यांनी विचारलं, डुकरानंच खाल्लं कशावरनं? पंचनामा करायला माणूस आला तवर उरलेल्या शेंगा गाईनं खाल्ल्या. मग सख्यानं कुंपणाला तार लावलीन, आणि तारेत वीज सोडलीन. गुन्हा हाय तो. गावात अशी तार कोणाकडं नाय, कोणालाही विचारा, कोणाकडं नाय. आणि सगळ्यांची पोरं संध्याकाळनंतर बांधावर जात नायत.

डिसेंबर लागला आणि त्या तारेला एक रानडुक्कर चिकटून मेलं. केवढं? आमच्या बैलाएवढं. बरं, वासराएवढं. सख्याच्या पोरांनी सकाळी पाहिलं. यंदा शेंगा लवकर भरलेल्या, पोपटी लावायचं आधीच ठरलेलं. आमच्याकडं थंडीत मडकं घेतात, आत भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मसाला चोळलेली कोंबडी घालतात, मडकं उलटं ठेवून वरनं जाळ करतात. तिला पोपटी म्हणतात. यंदा कोंबडी वाचली. पोरांनी डुकराचा मागचा एक पाय काढलानी, तेवढ्यात रस्त्यावर कोणाची तरी बुलेट वाजली. जंगलवाले आले समजून सगळे पळाले, आणि बाकीचं धूड ओढत ओढत ओहोळात टाकलंनी. ओहोळ कुठला? आमच्या शेडच्या मागचा. दुसरीकडं ओढायला दम पुरला नाय म्हणे.

बुलेटवर जंगलवाले नव्हते, पलीकडच्या नव्या बंगल्याचा मालक होता. त्यानं ओहोळात पाहिलंन, व्हिडिओ काढलान, आणि खाली लिहिलंन, डुक्कर फार्मजवळ मेलेलं डुक्कर, सावध राहा. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ पेणपासून वरसेपर्यंत फिरला. माझ्या बहिणीचा वरसेवरनं फोन आला, "गोदू, तुमची डुकरं मेली का गो?" मी म्हटलं, "नाय, जेवतायत. तुला बोलावतायत."

दुसऱ्या दिवशी जीप आली. जनावरांची डॉक्टरीण, मृणाली मॅडम. चांगली पोरगी, पायात गमबूट, अंगात पांढरा प्लास्टिकचा झगा. ओहोळात उतरून तिनं धूड पाहिलंन आणि विचारलंन, "मागचा पाय कुठे आहे?"

गाव जमलेलं. सगळे पुरुष आपापल्या चपला बघायला लागले.

मी म्हटलं, "मॅडम, ताप आला तसा तो पाय डॉक्टरकडं धावला. बाकीचं अंग मागं राहिलं."

तिला हसू आलं, पण दाबलंन. "आजी, हा पाय सुरीने कापलाय. म्हणजे इथल्या कोणाला तरी माहीत आहे. पण मला कोणी सांगायला हवं ना, कसं मेलं ते?"

सख्या पुढंच उभा होता, हाताची घडी घालून, जसा काय दुसऱ्या गावचा. 

"मग मला नमुना पाठवावाच लागेल," मॅडम म्हणाली. "आफ्रिकन स्वाइन फिव्हरची साथ सगळीकडे फिरतेय. मेलेलं डुक्कर सापडलं, कारण माहीत नाही, तर संशयित धरायचं, असा नियम आहे. रिपोर्ट येईपर्यंत इथलं एकही डुक्कर बाहेर जाणार नाही, बाहेरचं आत येणार नाही. कँटीनचं उष्टं अन्नसुद्धा घालायचं नाही."

प्रतिक्षाचा चेहरा पडला. कंपनीच्या कँटीनमधनं उरलेला भात-भाजी यायची, उकळून घालायचो, त्यावर तर अर्धी डुकरं पोसलेली.

"मॅडम, रिपोर्ट कवा येईल?" तिनं विचारलंन.

"नमुना आधी पुण्याला, तिथून गरज पडली तर परराज्यात. सांगता येत नाही."

"माझी गाडी नाताळची हाय."

"मला कळतंय. पण माझ्या हातात नाही."

मी मधे तोंड घातलं. "समजा रोग निघाला तर?"

"तर सगळी डुकरं मारावी लागतील. त्याची सरकार भरपाई देतं."

"आणि नाय निघाला, जगली तर?"

मॅडमनं गमबुटावरचा चिखल काठीनं काढलान. "जगली तर तुमची आहेत, आजी."

घ्या. मेलेल्याचे पैसे, जगलेल्याचा खर्च. जाताना त्यांनी शेडच्या वाटेवर लाल अक्षरांचा बोर्ड ठोकलानी, प्रतिबंधित क्षेत्र. मॅडमबरोबरचा शिपाई प्रतिक्षाला म्हणाला, "हा बोर्ड सांभाळायची जबाबदारी तुमची. पडला, हरवला तर तुम्हाला विचारतील." 

तो गेल्यावर मी आणि प्रतिक्षा सख्याच्या अंगणात गेलो. सख्या खाटेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "ये काकी. चहा घेणार?"

"चहा नको. तारेचं बोल."

"कुठली तार?"

"तीच. तुझ्या कुंपणावर रोज काजवे बसतात आणि ठिणग्या उडवतात, ती."

"काकी, माझ्याकडं तार नाय." आत त्याची बायको भांडी आपटत होती, तिला बघून त्यानं आवाज खाली केलान. "सांगितलं तर केस होईल. जंगलाची केस. जामीन, कोर्ट, पेणच्या चकरा. पोरीचं लग्न ठरवतोय मी."

प्रतिक्षा म्हणाली, "सखाकाका, तुम्ही एवढं बोललात की डुक्कर तारेनं मेलं, तर माझी गाडी जाईल."

"तुझी गाडी जाईल आणि मी आत जाईन."

"मग धूड आमच्या ओहोळात कशाला टाकलंत? तुमच्या विहिरीत टाकायचं होतंत."

सख्यानं शेंगा खाली ठेवल्यान. त्याला वाईट वाटत होतं, दिसत होतं मला, पण वाईट वाटून काय डुकरं गाडीत चढत नायत. "पोरांनी टाकलंनी," तो म्हणाला. "मी म्हणालो होतो, लांब टाका."

"आणि नाकाला रुमाल लावून तुम्हीच जाता रोज माझ्या शेडवरनं," प्रतिक्षा म्हणाली. "पोपटीत मात्र बोटं चाटलीत."

तिनं पाठ फिरवलीन आणि निघाली. मी तिथंच. मला पण पोपटीतले दोन तुकडे आले होते पानात, म्हणून मी जरा हळू निघाले.

मग मी ठरवलं. सख्या बोलत नाय, ठीक. खोटं बोलायला मी हाय की. असं खोटं, की सख्याची केस नको, रोगाचा संशय नको. आणि असं खोटं आमच्या गावात रोज दोनदा जातं येतं. गाडी. रोह्याची गाडी. रुळावर रानडुक्कर आलं, गाडीनं उडवलं, मेलं. गुन्हा कोणाचा? गाडीचा. रोग? नाय. पाय? चाकाखाली गेला, सुरीसारखा कापला.

मॅडम डुकरांचा ताप मोजायला परत आली तशी मी तिला ओट्यावर बसवलं, ताक दिलं आणि सांगितलं. तिनं ग्लास खाली ठेवलान. 

"आजी, तुम्ही पाहिलंत?"

"या डोळ्यांनी."

"कधी?"

"सकाळच्या गाडीला. मी शेतावर निघाले होते."

ती खरंच ऐकत होती. वही काढलीन, पेन काढलान. प्रतिक्षा दारात उभी, श्वास धरून. तिथंच मी थांबायला हवं होतं. देवाशपथ, एवढं बोलून मी थांबले असते तर डुकरं नाताळाला वसईला पोचली असती, असं मला अजून वाटतं. 

पण मॅडम म्हणाली, "पण रूळ इथून बराच लांब आहे. मग ते ओहोळात कसं आलं?"

आणि माझी जीभ सुटली. "उडालं ना! अहो, गाडी काय साधी होती? लेट झालेली, मोटरमन तापलेला. अशी धडक बसली की डुक्कर वर. बांबूच्या बेटावरनं गेलं. गावदेवीच्या देवळावरनं जाताना त्यानं खाली मान घातलीन, नमस्कार केलान. मग सख्याच्या वालावर जरा रेंगाळलं, शेंगांचा वास आला असेल, आणि धपकन ओहोळात! पाय तेवढा सुटून नागोठण्याच्या बाजूला गेला. तिथं अजून शोधतायत."

मॅडमनं पेनचं टोपण लावलंन. प्रतिक्षानं दाराला डोकं टेकलंन.

"आजी," मॅडम म्हणाली, "ताक छान होतं."

ती गेल्यावर प्रतिक्षा माझ्यावर अशी ओरडली की हौसा उठून बसली. "आजे, तुला साधं खोटं बोलता येत नाय? सरळ, एका ओळीचं?"

"कधी बोलले नाय गो," मी म्हटलं. "सवय नाय."

ती हसली नाय. शेडमधे गेली आणि रिकाम्या बादल्या धुवायला लागली, धुतलेल्याच परत. कँटीनचं अन्न बंद, मका संपत आलेला. डुकरं जाळीला तोंडं लावून ओरडत होती. भुकेलेल्या डुकरांचा आवाज ऐकलाय कधी? तो मात्र मी वाढवून सांगत नाय.

सख्याच्या घरापर्यंत जात होता तो आवाज. दोन घास गिळवत नसतील त्याला. कारण मिथुनची गाडी यायच्या आदल्या दिवशी मॅडम बोर्ड बघायला आली, आणि सख्या आपणहून बांध उतरून आला. नाकाला रुमाल नाय. बायको मागनं हाका मारतेय, "अवो, मागं फिरा, अवो!" आणि हा सरळ चालत.

"मॅडम," तो म्हणाला, "ते डुक्कर माझ्या तारेनं मेलं. वीज सोडली होती मी. पाय पोरांनी कापला. पोरीच्या डुकरांना काय रोग नाय. सोडा त्यांना."

पाच-सहा माणसं होती तिथं, सगळ्यांनी ऐकलं. प्रतिक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो. मिथुनला फोन लाव गो.

मॅडमनं वही उघडलीन, परत मिटलीन. मग म्हणाली, "काका, हे त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी तसं लिहून वर विचारलं असतं. आता नमुना गेलाय. नमुना गेला की रिपोर्ट आल्याशिवाय आदेश मागे घेता येत नाही. तारेने मेलेल्या डुकरालाही रोग असू शकतो, असं मला वरून विचारतील."

"म्हणजे मी बोललो त्याचा काय उपयोग नाय?"

"मला नाही." तिनं जमलेल्या माणसांकडं पाहिलंन. "आणि चार माणसांत बोललात, ते माझ्यापुरतं राहणार नाही."

माझी तार तिथं तुटली. "काय गो बाई तुमचं सरकार!" मी ओरडले. "मी खोटं सांगितलं ते चालत नाय, यानं खरं सांगितलं तेही चालत नाय. मग बोलायचं तरी काय माणसानं?" 

नियम तिनं केला नव्हता. खाली मान घालून जीपमधे बसली. तिच्यावर राग काढला याचं मला नंतर वाईट वाटलं. पण दुसरं कोण येतं आमच्याकडं राग काढायला? ज्यांनी नियम केला ते काय कासूला उतरत नायत.

मिथुनची गाडी महामार्गावरनं सरळ दुसऱ्या फार्मवर गेली. फोनवर म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी बघू."

नाताळ झाला, नवीन वर्ष लागलं, आणि रिपोर्ट आला. रोग नाय. मॅडमनं स्वतः फोन करून सांगितलंन, बिचारी आनंदात होती. प्रतिक्षानं लगेच मिथुनला लावलान. तो म्हणाला, "आता फार जड झाली असतील ताई, नुसती चरबी. आणि त्या व्हिडिओनंतर तुमच्या भागातला माल म्हटलं की लोक मागं सरतात." जो भाव सांगितलान तो मी तोंडानं उच्चारत नाय. प्रतिक्षानं तरी दिली. मका आणायचा कशानं? हौसाला तेवढी ठेवलीन. पोटात पिल्लं हायत तिच्या.

डुकरं बोर्डाच्या बाजूनंच गाडीत चढली. रिपोर्ट आला, बंदी उठली, डुकरं गेली, पण बोर्ड काढायचा वेगळा आदेश लागतो, तो अजून आलेला नाय. सख्याला जंगल खात्याची नोटीस आली. तार काढून नेलीनी. आता तो आठवड्याआड पेणला जातो आणि त्याचे वाल रानडुकरं खातात. जायच्या आधी मात्र सकाळी आमच्या शेडमधे येतो, हौसाला पाणी भरतो. सांगितलं नाय कोणी त्याला. मी त्याच्याशी अजून नीट बोलत नाय, पण चहा ठेवते.

प्रतिक्षाची शिफ्ट परवा चालू झाली. तोच ठेकेदार, तोच युनिफॉर्म, गेल्या वेळचाच, कमरेत जरा सैल झालेला. सकाळी धुक्यात मी तिच्याबरोबर वाटेपर्यंत गेले. बघते तर बोर्डाशी एक रानडुक्कर. खरंखुरं, केसाळ, अंगाला चिखल. खांबाला पाठ घासत होतं आरामात. घासलंन, घासलंन, आणि खांब वाकून बोर्ड आडवा पडला. मग त्या पडलेल्या बोर्डावर पाय देऊन ते सख्याच्या वालात गेलं. कुठं जातोस, कुठनं आलास, तुला विचारायला कोण नाय.

"आजे," प्रतिक्षा म्हणाली, "हे तू कोणाला सांगितलंस तरी कोण ऐकणार नाय."

"वाढवून सांगते ना मग," मी म्हटलं. "त्यानं आधी बोर्ड वाचलान म्हणून."

गाडीचा भोंगा लांब ऐकू आला. तिनं डब्याची पिशवी माझ्या हातात दिलीन, दगड उचललान, आणि बोर्ड सरळ करून खांब परत ठोकायला लागली. जबाबदारी तिची हाय ना. ठोकून झालं, हात झाडलेन, पिशवी घेतलीन आणि स्टेशनाकडं पळाली.

मागं शेडमधे हौसा घोरत होती. मी म्हटलं, घोर गो, जोरात घोर. गाडी थांबव जरा, पोरीला उशीर झालाय.